म्हातारं मांजर ट्रेबाहेर शू करतं, थांबतं आणि पुन्हा सुरू होतं : आमच्या आक्काच्या तीन खेपा

पहाटे साडेपाचला चहा टाकायला स्वयंपाकघरात जावं आणि दारातल्या पायपुसण्यावर पाय पडल्या पडल्या कळावं की ते ओलं आहे. पाणी सांडलेलं नाही, हे वासावरून लगेच कळतं. आमच्या घरात चार वर्षांत हे तीनदा सुरू झालं, तीनदा थांबलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळचा उपाय मी दुसऱ्या वेळीही लावत बसले, त्यात सहा आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आक्का म्हणजे आमचं मांजर. ती आली तेव्हा प्राण्यांच्या शेल्टरच्या कागदावर तिचं वय १२ होतं. तिच्या मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या, मुलगा परदेशात, त्यामुळे ती पिंजऱ्यात. तिथे दीड वर्ष काढलं. तिरंगी, गावठी, शेपटीवरचे केस विरळ झालेले. येणारे लोक पिल्लांकडे जायचे. कुणी हिच्यापाशी थांबलंच तर "ही अजून किती जगणार?" एवढं विचारून पुढे सरकायचे. घरात आधीच भाऊ नावाचा बोका होता, तोही शेल्टरमधलाच. एका डोळ्याचा, कानाचं टोक नसबंदीच्या वेळी छाटलेलं, वय दहाच्या आसपास.

म्हातारं मांजर हौसेनं नेलेले लोक दोन-तीन महिन्यांत ते परत आणून देतात, त्यामागचं एक नेहमीचं कारण ही शू. बहुतेक वेळा ती थांबवता येते, पण कारण शोधावं लागतं.

आधी हे तपासा, बाकीचं नंतर वाचा

मांजर बोका असेल, पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये (मांजराच्या शू-शीच्या पसरट भांड्यात) जाऊन बसत असेल, जोर करत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नसेल, तर हा लेख बंद करा आणि त्याला घेऊन निघा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. "सकाळी बघू" म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारी माणसं मी पाहिली आहेत, कारण जोर करताना बसायची पद्धत दोन्हीत सारखीच दिसते. ट्रेमध्ये शूचा ओला गोळा आहे की नाही, ते हातानं उकरून बघा.

भाटीत (मादी मांजरात) असं पूर्ण तुंबणं फार कमी. पण लघवीत रक्त दिसलं, किंवा दर दहा मिनिटांनी जाऊन थेंब थेंब होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

शू आहे की फवारा?

शू म्हणजे जमिनीवर, गादीवर, कपड्यांवर सपाट थारोळं. फवारा म्हणजे भिंतीवर, कपाटाच्या दारावर, पडद्यावर, वीतभर उंचीवरून खाली आलेला ओघळ. फवारताना मांजर उभं असतं, शेपूट ताठ आणि थरथरती. नसबंदी झालेले बोकेही हे करतात, भाट्याही करतात. आक्का आल्यावर पहिल्या आठवड्यात भाऊनं चपलांच्या रॅकवर दोनदा केलं, ते हेच. त्याचा संबंध हद्दीशी आणि काळजीशी असतो. त्यावर इलाज म्हणजे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून हळूहळू ओळख करून देणं. दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या ठेवून आम्ही ते तीन आठवड्यांत जमवलं.

म्हाताऱ्या मांजरात मात्र इथे फसगत होते. ज्याचे गुडघे-कंबर दुखते त्याला पाय दुमडून बसता येत नाही, ते उभ्यानंच शू करतं आणि धार ट्रेच्या काठावरून भिंतीवर जाते. बघणाऱ्याला वाटतं, फवारा मारला. शेपूट थरथरते का, ते बघा. थरथरत नसेल तर बहुधा दुखणं आहे.

पहिली खेप : ट्रे माझ्या आवडीचा होता, तिच्या नाही

आक्का येणार म्हणून मी झाकणवाला, झुलत्या दाराचा ट्रे आणला होता आणि लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये भरायची माती. दिसायला छान. आठ दिवस ती त्यात गेली. मग एका दुपारी सासूबाईंच्या गोधडीवर, पुढच्या दिवशी धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर.

"अगं, सूड उगवतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "तू परवा तिला आंघोळ घातलीस ना!"

मांजर सूड उगवत नाही. रागानं गोधडी खराब करायची तर गोधडी आपल्याला प्रिय आहे हे त्याला कळावं लागेल, आणि एवढा दूरचा हिशोब ते मांडत नाही. (आंघोळ घालायला नको होती, ते मात्र खरं.) लघवीची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली. मग मी शेल्टरला फोन लावला आणि तिथे पिंजरे साफ करणाऱ्या मावशींना विचारलं, आक्का तिथे कशात जायची?

"वाळूत, ताई. घमेल्यात. आणि खाली गोणपाट असायचं, कधी कधी त्यावरच."

वाळू, घमेलं, गोणपाट. आणि मी तिला दिलं होतं झाकण, झुलतं दार आणि लॅव्हेंडर. झाकणाखाली वास कोंडतो. आपल्याला आवडणारा सुगंध तिच्या नाकाला भपकारा असतो. दीड वर्ष जी पोत पायाखाली होती तीच "इथे करायचं" ही खूण बनलेली असते. गोधडी आणि कपड्यांचा ढीग तिला गोणपाटाच्या जवळचे वाटले.

बांधकामाच्या दुकानातून प्लास्टिकचं घमेलं आणलं, चाळलेली बारीक वाळू भरली आणि झाकणवाला ट्रे माळ्यावर टाकला. त्याच रात्रीपासून ती घमेल्यात. नंतर तीन आठवडे रोज एक-दोन मुठी बिनवासाचं, गोळे होणारं मातीचं लिटर मिसळत गेले आणि वाळू कमी करत आणली. वाळूत गोळे होत नाहीत, त्यामुळे कुणी किती शू केली ते समजत नाही. हे गोळे पुढे फार कामाला आले.

यातच दुसरी एक गोष्ट सापडली. घमेलं आधी बाथरूमच्या कोपऱ्यात होतं आणि कामाच्या ताई रोज काळ्या फिनाईलनं फरशी पुसायच्या. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. ती पंजाला लागतात आणि पंजा चाटला की पोटात जातात. डेटॉलसारखी पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही तशीच. मला हे माहीत नव्हतं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग वास कसा जाणार?" वास कसा जातो ते पुढे लिहिलंय. पण ट्रे धुवायला साधा साबण आणि पाणी, तेवढंच.

दुसरी खेप : डिसेंबर आणि सरकत्या दाराची पट्टी

दीड वर्ष सगळं सुरळीत होतं. मग डिसेंबरात, पुण्यातली थंडी पडल्यावर, पुन्हा पायपुसणं. मला वाटलं लिटरच. कंपनी बदलली होती, म्हणून जुनं मागवलं. मग टोफूचं आणलं, मग लाकडाच्या गोळ्यांचं, मग परत वाळू. एका महिन्यात चार प्रकारचं लिटर दिलं आणि मांजराला आणखी गोंधळात टाकलं. आक्का दिवसा ट्रेमध्ये जायची, रात्री पायपुसण्यावर. लिटर आवडत नसतं तर दिवसाही गेली नसती. हे मला सहा आठवडे सुचलं नाही.

शेवटी नवऱ्यानं जुना मोबाइल खुर्चीला बांधून रात्रभर चित्रीकरण लावलं. तेव्हा ट्रे सुक्या बाल्कनीत होता, सरकत्या काचेच्या दारापलीकडे. दार मांजराएवढं उघडं ठेवायचो. चित्रात पावणेचारला आक्का सोफ्यावरून उतरते. उतरते म्हणजे उडी नाही. आधी पुढचे पाय जमिनीवर, मग मागचा भाग ढकलल्यासारखा खाली येतो. दारापाशी जाते. दाराच्या खालची अॅल्युमिनियमची पट्टी तीन बोटं उंच आहे. आक्का पुढचा डावा पंजा पट्टीवर ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते. बाहेरची फरशी थंडगार असणार. उजवा पंजा टेकवून बघते. थोडा वेळ तशीच, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग मागे फिरते, पायपुसण्यावर येते, जेमतेम अर्धी बसते, करते आणि पायपुसण्याचा कोपरा तीनदा ओढून झाकायचा प्रयत्न करते.

ते झाकणं बघून मी रडले. तिला नीट माहीत होतं काय करायचं आणि कुठे. तिला तिथपर्यंत जाता येत नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुबे, कोपरं आणि कंबरेचे शेवटचे मणके झिजलेले. "पण ती लंगडत तर नाही," मी म्हटलं. "दोन्ही बाजू दुखतात ताई, लंगडणार कुठल्या पायावर?" त्यांनीच सांगितलं की २००२ साली १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९० जणांच्या सांध्यांत झीज सापडली. म्हणजे शेल्टरमधून १२ वर्षांचं मांजर आणलं की सांधे दुखत असणार असं धरूनच चालावं आणि नसतील तर आनंद मानावा.

दुखणं ओळखायच्या खुणा लंगडण्यात नसतात. उडी मारण्याआधी मांजर दोनदा मोजमाप घेतं का? ओट्यावर थेट न जाता आधी स्टुलावर जातं का? पाठीच्या शेवटच्या भागातले केस गुंतलेले, कोंडा धरलेले आहेत का? मान तिथपर्यंत वळत नसली की तो भाग चाटायचा राहून जातो. आणि नखं बघा. आक्काची मागच्या पायाची नखं जाड, पिवळट झाली होती आणि पुढच्या पंजाचं अंगठ्याचं नख वळून गादीत रुतायच्या बेतात होतं. म्हाताऱ्या मांजराची नखं खाजवण्यानं झिजत नाहीत. अशा पंजानं खडेरी लिटरमध्ये उभं राहायचं म्हणजे चटकेच. तीन आठवड्यांतून एकदा नखं कापा. जमत नसेल तर डॉक्टरांकडे कापून घ्या.

त्यानंतर जे केलं ते सगळं फुटपट्टीचं काम होतं. ट्रे पट्टीच्या आत, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात आला. पाहुण्यांसमोर ट्रे, म्हणून घरात दोन दिवस धुसफूस झाली, मग सगळ्यांना सवय झाली. पलंगाखाली चादरी ठेवायला मिळतो तो लांबट प्लास्टिकचा खोका घेतला, कारण घमेलं आता अपुरं पडत होतं. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट तरी लांबी हवी, म्हणजे त्याला आत वळता येतं. खोक्याची तीन बाजूंची भिंत तशीच उंच ठेवली, उभ्यानं केलेली धार आत राहावी म्हणून. चौथ्या बाजूला तापवलेल्या सुरीनं कापून जमिनीपासून चार बोटांवर प्रवेश केला आणि कडा पॉलिश पेपरनं घासून वर कापडी चिकटपट्टी लावली. लिटर दोन इंच, जास्त नाही. खोल लिटरमध्ये दुखऱ्या पायांचा तोल जातो.

सोफ्यापासून ट्रेपर्यंत गुळगुळीत फरशी होती. त्यावर सासूबाईंनी आपल्या जुन्या नऊवारीची चौघडी शिवून पट्टी अंथरली. सूड उगवतेय म्हणणाऱ्या त्याच.

औषध डॉक्टरांनी दिलं, रक्ताची तपासणी करून, मोजून. एक गोष्ट मात्र ठळक लिहिते : आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, अर्धी देखील. आपल्याला लागू पडणारी वेदनाशामकं त्याला विष आहेत. "लहान बाळाचं सिरप थोडंसं" हेही नाही.

औषध आणि खोका, दोन्ही मिळून नवव्या दिवसापासून पायपुसणं कोरडं.

मध्येच एक, भाऊचं

पावसाळ्यात आठवडाभर आक्का सोफ्यामागे करत होती. तिन्ही ट्रे स्वच्छ, सांधे बरे, लघवी साफ. कारण सापडलं ते बोळात झोपलेल्या भाऊमध्ये. तो काही करायचा नाही, नुसता पडून असायचा आणि आक्का आली की एका डोळ्यानं तिच्याकडे टक लावून बघायचा. माणसाला ही भांडणं दिसत नाहीत, कारण आवाज नाही, मारामारी नाही. आक्का वळायची आणि परत जायची.

मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त, हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्याचा निम्मा भाग लोक विसरतात : ट्रे वेगवेगळ्या जागी हवेत. बोळाच्या टोकाला शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशोबी एकच. वाटेत कुणी बसलं की तिन्ही बंद. आम्ही एक ट्रे आक्काच्या खोलीतच ठेवला आणि प्रश्न मिटला.

वास कसा घालवायचा

जागा नीट साफ झाली नाही तर बाकीचं सगळं वाया, कारण वास राहिला की ती जागा संडास म्हणून ठरून जाते. आपल्याला वास येत नाही याचा अर्थ मांजराला येत नाही असा नाही.

ओलं असताना आधी टिपून घ्या, घासू नका. घासलं की आत जातं. गरम पाणी नको, थंड घ्या. मग एन्झाइम असलेलं, मांजरांसाठीचं क्लीनर भरपूर ओता आणि पाकिटावर लिहिलंय तितका वेळ राहू द्या. शिंपडून लगेच पुसणारे म्हणतात की उपयोग होत नाही, तो होणारच नाही. ते मिळत नसेल तर एन्झाइम असलेली कपडे धुवायची पावडर, एका भागाला नऊ भाग पाणी, त्यानं धुवा, साध्या पाण्यानं दोनदा पुसा, वाळल्यावर सर्जिकल स्पिरिटचा हात मारा. आधी कोपऱ्यात रंग उडतो का ते बघून घ्या. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर टाळा, ते शूसारखंच वासतं. फिनाईलबद्दल वर लिहिलंच आहे.

डाग कुठे आहेत ते कळत नसेल तर नोटा तपासतात तसली अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या आणि रात्री दिवे घालवून फिरा. वाळलेली शू फिकट हिरवट-पिवळी चमकते. आम्हाला सोफ्याच्या पाठीमागे दोन जुनी ठिकाणं मिळाली, जी आम्ही कधी साफ केलीच नव्हती. शहाबादी फरशी असेल तर सांधे शोषून घेतात, तिथे दोन-तीनदा ओतावं लागतं. कापसाची गादी भिजली तर सरळ पिंजायला द्या आणि पुढच्या वेळी चादरीखाली मेणकापड घाला, बाळंतिणीच्या खोलीत घालतात तसं.

शेजारपाजारचे उपाय तुम्हाला सांगितले जातीलच. डांबरगोळ्या : विषारी, मांजर चाटलं तर जिवावर येतं. तिखट : पंज्याला आणि डोळ्याला. कापूर, निलगिरीचं तेल : तेही नको. निळ्या पाण्याची बाटली : निरुपद्रवी आहे, आमच्या भाऊला तिला टेकून झोपायला आवडतं. आणि शू केलेल्या जागी मांजराचं नाक घासणं. त्यातून ते एकच शिकतं की हा माणूस धोक्याचा आहे, पुढच्या वेळी करताना दिसायचं नाही. मग ते पलंगाखाली करतं.

तिसरी खेप : गोळे मोठे झाले

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, आणि दुसऱ्या खेपेपासून एका कोपऱ्यात आक्काचे गोळे. ट्रेमधून किती निघाले आणि केवढे. साधारण दिवसाला तीन, लिंबाएवढे. आक्का १५ ची झाली त्या वर्षी, गणपतीच्या सुमारास, चौकटीत पाच दिसायला लागले आणि आकार मोसंबीएवढा. ट्रे दुपारपर्यंतच भिजून जायचा. मग तीन दिवसांनी पायपुसणं. या वेळी मात्र मी लिटरच्या पिशवीला हात लावला नाही.

पाणी मोजलं. सकाळी मापानं भरून ठेवायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं, भाऊला दोन दिवस दुसऱ्या खोलीत. आक्का तेव्हा ३.२ किलो होती आणि चोवीस तासांत ३५० मिली प्यायली. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय असं धरतात. वजनही घटत होतं. तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, एवढंच. ४०० ग्रॅम आपल्याला काहीच वाटत नाहीत, साडेतीन किलोच्या मांजरात तो एक नववा हिस्सा असतो.

म्हाताऱ्या मांजरात भरपूर पाणी आणि भरपूर शू दिसली की नेहमीचे तीन संशयित : किडनी, मधुमेह आणि थायरॉइड वाढणं. तिन्ही रक्त-लघवीत कळतात. आक्काचं क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साचणारा घटक) २.६ आलं, लघवीची घनता १.०१५, म्हणजे पातळ, साखर आणि थायरॉइड ठीक. म्हणजे किडनीच. मांजराच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे मानतात, क्रिएटिनिन १.६ ते २.८ हा दुसरा. रक्तदाबही मोजला. किडनी आणि थायरॉइडच्या मांजरांत तो वाढतो आणि वेळेत कळला नाही तर एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते, म्हणून मागून घ्या. सगळे डॉक्टर आपणहून मोजत नाहीत.

इथे ट्रेमध्ये दोष नव्हता, तिच्या लहरीतही नव्हता. तिला पूर्वीच्या दुप्पट शू होत होती आणि ट्रे पूर्वीइतकाच साफ होत होता, दिवसातून एकदा. भरलेल्या संडासात आपण तरी जातो का? साफसफाई सकाळ, दुपार, रात्री अशी तीनदा झाली आणि तिच्या झोपण्याच्या जागेपासून चार पावलांवर आणखी एक खोका आला.

"मग रात्री पाणी काढून ठेव ना," सासूबाई म्हणाल्या, आणि हे खूप जणांना सुचतं. कृपा करून नको. किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणून ते वाहून जातं. पाणी बंद केलं की शू थांबत नाही, मांजर आतून सुकतं. आम्ही उलट वाढवलं. घरात चार वाट्या, ओलं खाणं, त्यात दोन चमचे कोमट पाणी. किडनीसाठीचं खाणं तिनं पहिले आठ दिवस हुंगून सोडून दिलं. जुन्यात चिमूटभर मिसळत महिनाभरात बदललं. पातळ लघवीत जंतू सहज वाढतात, म्हणून दर काही महिन्यांनी लघवी तपासतो.

आणि रात्रीचा दिवा. वयानं काही मांजरं रात्री बावरतात, खोलीच्या मध्येच उभी राहून ओरडतात, ट्रे कुठे आहे ते विसरतात. ट्रेच्या वर देव्हाऱ्यातल्यासारखा छोटा विजेचा दिवा लावून ठेवला, त्यानं फरक पडला.

आणण्याआधी शेल्टरला विचारून घ्या

कशात शू करतो किंवा करते, वाळू की कागद की गोणपाट? ट्रे उघडा की झाकणाचा? पिंजऱ्यात एकटं होतं की कुणाबरोबर? आधीच्या घरानं का सोडलं, आणि त्या कारणात "घाण करते" असं होतं का? होतं, तर नकार देऊ नका, पण तपासणी कधी झाली होती ते विचारा. अनेकदा झालेलीच नसते. रक्त, लघवी आणि रक्तदाब आल्या आठवड्यात करून घ्या आणि ते आकडे जपून ठेवा. वर्षानं काही बिघडलं की तुलनेला हेच कामी येतात.

पहिले दोन-तीन आठवडे एकच खोली द्या. ट्रे, पाणी, अंथरूण, लपायला एक खोका, सगळं हाकेच्या अंतरावर. मोठ्या घरात एकदम सोडलेलं म्हातारं मांजर ट्रे शोधत बसत नाही, जवळचा कोपरा बघतं. दिवाळीत आजही आम्ही आक्काला त्याच खोलीत ठेवतो, पलंगाखाली एक कमी काठाचा ट्रे सरकवून. फटाक्यांच्या आवाजात ती बाहेर येणार नाही, मग ट्रेनंच आत जायचं.

परत सुरू झालं तर मी आता कोणत्या क्रमानं बघते तेही सांगते. आधी गोळे : संख्या आणि आकार. मग वजन. मग रात्रीचं चित्रीकरण, निदान दोन रात्री. मग भाऊ कुठे झोपतोय. लिटर सगळ्यात शेवटी, आणि तेही बदललं असेल तरच. घरात रंगकाम, पाहुणे, सोफा हलवणं असं काही झालंय का तेही आठवते. गेल्या मार्चमध्ये तेवढंच होतं. ट्रे पुसायला सरकवला आणि कुणीतरी हातभर अलीकडे ठेवला, आक्कानं तिच्या जुन्या जागी, रिकाम्या फरशीवर, अगदी अचूक केलं.

ती आता १६ ची आहे. कालनिर्णयावर आजच्या चौकटीत लिहिलंय : दूध दीड लिटर, गोळे चार, मोसंबी, एक काठावर. पायपुसणं आम्ही त्या दारात ठेवतच नाही.